छत, भिंत की फरशी? घराच्या डिझाइन सॉफ्टवेअरमधला बिघाड कुठून शोधायचा

‘छत नीट बसत नाहीये, जरा बघता का?’ असा निरोप आला की मी फाईल उघडतो आणि छत सरळ लपवून टाकतो. आधी भिंती बघतो. घरांची मॉडेलं दुरुस्त करून देणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे एवढं खात्रीने सांगतो : छतावर दिसणारा बिघाड बहुतेक वेळा भिंतीत असतो, आणि फरशीचा तर जवळजवळ नेहमीच. लोक मात्र छताचे पाखे, म्हणजे उतरते भाग, ओढूनताणून जुळवण्यात अख्खी संध्याकाळ घालवतात, आणि दुसऱ्या दिवशी एक भिंत जरा सरकवली की सगळं पुन्हा विस्कटतं. तीच माणसं तोच प्रश्न घेऊन परत येतात, म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो आहे.

असं का होतं ते आधी कळलं पाहिजे. चीफ आर्किटेक्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही काढता त्या फक्त भिंती. भिंतींचं कडं पूर्ण मिटलं की आतली जागा ‘खोली’ म्हणून ओळखली जाते. खोली ओळखली गेली की तिला फरशी आणि सीलिंग मिळतं. बाहेरच्या भिंतींवरून छत आपोआप रचलं जातं. एक कोपरा उघडा राहिला की ही साखळी तिथेच तुटते. रेव्हिटमध्ये फरशी आणि छत स्वतः काढावं लागतं. स्वीट होम थ्रीडीमध्ये खोली ही भिंतींपासून वेगळी वस्तू असते. स्केचअपमध्ये तर भिंत अशी वस्तूच नसते, सगळा कारभार रेषांचा आणि पृष्ठभागांचा. तरीही शोधण्याचा क्रम सगळीकडे एकच लागू पडतो, फरक असेल तिथे सांगेन.

लक्षणं

तुमच्या फाईलमध्ये यातलं काय दिसतंय ते आधी ठरवा. दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तरी घाबरू नका, मूळ सहसा एकच निघतं.

- खोलीत क्लिक केलं की शेजारची खोलीही सोबत निवडली जाते, कधी अख्खं घर. क्षेत्रफळ भलतंच येतं.
- थ्रीडीत एखाद्या खोलीला फरशीच नाही, थेट खालचा मजला दिसतो.
- भिंतीचा माथा छतातून वर आलेला असतो. किंवा उलट, भिंत आणि छत यांच्यामध्ये त्रिकोणी फट राहते.
- दुपाखी छत हवं होतं, झालं चौपाखी.
- खालच्या मजल्याच्या कडेने छताची बोटभर रुंद पट्टी येते, जी तुम्ही काढलेलीच नाही.
- आढं, म्हणजे दोन पाखे वर जिथे मिळतात ती रेषा, मध्यावर येत नाही, किंवा तिरकं जातं.
- कोपऱ्यावर दोन पाख्यांची वळचण, म्हणजे भिंतीबाहेर आलेली खालची कड, एका पातळीत मिळत नाही.
- दार बसतं, पण त्यातून पलीकडे दिसत नाही.
- कॅमेरा फिरवला की फरशी किंवा भिंत लुकलुकते.

हात लावण्याआधी

फाईलची प्रत वेगळ्या नावाने ठेवा आणि मूळ फाईल बंद करा. ही पायरी लोक गाळतात. ‘अनडू आहे की’ म्हणतात. बऱ्याच ठिकाणी फाईल बंद केली की अनडूची यादी पुसली जाते, आणि ही शोधाशोध एका बैठकीत संपेलच असं नाही.

दुसरं, छत आपोआप पुन्हा रचण्याची सोय चालू असेल तर ती तात्पुरती बंद करा. चालू ठेवली तर प्रत्येक छोट्या बदलागणिक छत नव्याने बनतं, आणि कुठल्या बदलाने काय झालं ते कळेनासं होतं. शिवाय हाताने दुरुस्त केलेले पाखे त्या भरात पुसले जातात. ‘काल नीट केलं होतं, आज परत तसंच’ या तक्रारीचं कारण अनेकदा एवढंच असतं.

पहिली तपासणी : बिघाड खरा आहे की नुसता दिसतो?

याला दोन मिनिटं लागतात. लेयरची, म्हणजे एकेका प्रकारच्या वस्तू दाखवण्या-लपवण्याच्या थरांची, यादी उघडा, सगळे लेयर चालू करा. फरशी, छत किंवा सीलिंगचा लेयर बंद राहिलेला असणं ही फार साधी गोष्ट आहे, पण तिच्यापायी लोकांनी फरशी नव्याने काढल्याचं मी पाहिलं आहे. मग त्या जागी दोन फरश्या होतात, आणि लेयर चालू केल्यावर लुकलुकणं सुरू होतं.

थ्रीडी व्ह्यूला काप लावलेला आहे का, कॅमेरा भिंतीच्या आत तर अडकलेला नाही ना, तेही बघा. रेव्हिटमध्ये प्लॅनचा काप, म्हणजे घर आडवं कापून दाखवण्याची पातळी, मूळ सेटिंगनुसार १२०० मिलिमीटर उंचीवर असतो. त्याच्या वर सुरू होणारी उंचावरची खिडकी प्लॅनमध्ये नेहमीसारखी दिसत नाही. ती हरवलेली नसते, कापाच्या वर असते.

दुसरी तपासणी : एकक आणि उतार

छत अगदी चपटं किंवा अंगावर येईल इतकं उभं झालं असेल तर आकड्याचा घोळ आहे. उतार दोन प्रकारे सांगतात : अंशांत, किंवा १२ मागे किती चढ अशा प्रमाणात. १२ मागे ६ हा उतार म्हणजे सुमारे २६.६ अंश. घर ६ मीटर रुंद असेल, तर या उताराने आढं भिंतीच्या माथ्यापासून १५०० मिलिमीटर वर यायला हवं. पण अंशांच्या चौकटीत नुसतं ६ टाकलं, तर ते जेमतेम ३१५ मिलिमीटर वर येतं. छत बिघडलेलं नसतं, तुम्ही सांगितलं तेच सॉफ्टवेअरने केलेलं असतं.

मिलिमीटर आणि इंचांची सरमिसळ याहून त्रासदायक, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ६ इंचांची भिंत म्हणजे १५२.४ मिलिमीटर. अर्ध्या घरात ६ इंची आणि अर्ध्यात १५० मिलिमीटरची भिंत वापरली असेल, तर दोन भिंती एका रेषेत भेटतात तिथे २.४ मिलिमीटरची पायरी पडते. पडद्यावर ती रेषेच्या जाडीत लपून जाते. म्हणून भिंतींचे प्रकार एकदा यादीत काढून बघा आणि जवळजवळ सारख्या जाडीचे दोन प्रकार दिसले तर त्यातला एकच ठेवा.

तिसरी तपासणी : भिंतींचे कोपरे

इथे वेळ द्या. या एका तपासणीत बहुतेक फायली सुटतात.

प्रत्येक खोलीत एकेकदा क्लिक करा. खोली एकटी निवडली गेली तर तिच्या भिंती मिटलेल्या आहेत. शेजारच्या खोलीसकट निवडली गेली, तर दोघींमधली भिंत कुठेतरी टेकलेली नाही. क्लिक केल्यावर काहीच निवडलं गेलं नाही, तर फट बाहेरच्या भिंतीत आहे. स्वीट होम थ्रीडीमध्ये खोली काढण्याचं साधन घेऊन जागेत डबल क्लिक करा. भिंती मिटलेल्या असतील तरच खोली तिथे भरते. आणि तिथे हे लक्षात असू द्या, की नंतर भिंत हलवली तर आधी काढलेली खोली तिच्यामागे येत नाही. भिंत आणि फरशी यांच्यात फट दिसली तर खोलीची कड पुन्हा भिंतीपर्यंत न्यावी लागते. रेव्हिटमध्ये भिंत व्यवस्थित भेटूनही खोली मिटत नसेल, तर त्या भिंतीची ‘खोलीची सीमा’ धरण्याची खूण निघालेली आहे का ते बघा.

फट आहे हे कळलं, पण कुठे आहे ते सापडत नाही? एकेक कोपरा मोठा करून बघत बसू नका. घराच्या साधारण मध्यातून एक तात्पुरती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत काढा. ज्या अर्ध्यात खोल्या ओळखल्या जातात तो अर्धा भाग ठीक, फट दुसऱ्या अर्ध्यात. ती भिंत उरलेल्या भागाच्या मध्यावर सरकवा आणि पुन्हा बघा. तीस-चाळीस कोपऱ्यांच्या घरात पाच-सहा वेळा सरकवलं की नेमक्या कोपऱ्यावर येता. काम झालं की तात्पुरती भिंत आठवणीने काढून टाका.

मागे एका दुमजली घराची फाईल आली होती. वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्यांना फरशी नव्हती, आणि मालकाने त्या जागी हाताने तीन तुकडे बसवले होते. भिंत सरकवत सरकवत मी जिन्याजवळच्या कोपऱ्यापाशी पोचलो. नेहमीच्या झूमला तिथे दोन्ही भिंती व्यवस्थित भेटलेल्या. खूप जवळ गेल्यावर दिसलं की एका भिंतीचं टोक दुसरीच्या अलीकडेच थांबलंय. टोक आपोआप दुसऱ्या भिंतीला चिकटवणारी सोय, म्हणजे स्नॅप, बंद असताना ती भिंत ओढलेली होती. टोक पकडून दुसऱ्या भिंतीच्या मध्यरेषेपर्यंत नेलं, आणि तिन्ही खोल्यांना एका झटक्यात फरशी आली. मग हाताने बसवलेले तीन तुकडे शोधून पुसावे लागले, नाहीतर लुकलुकणं सुरू झालं असतं.

टोक जोडताना भिंतीचं टोकच पकडून ओढा. फट भरायला छोटासा तुकडा जोडणं हा उपाय नव्हे. तसा तुकडा पुढच्या वेळी भिंत हलवली की मागेच राहतो.

कोपऱ्यांचे कोनही बघा. भिंत ९० ऐवजी ८९.९ अंशांत असेल, तर ६ मीटर लांबीवर ती सुमारे १० मिलिमीटर बाजूला जाते. प्लॅनमध्ये हे कुणाच्याच लक्षात येत नाही. छताच्या मात्र लक्षात येतं : समोरासमोरच्या भिंती समांतर नसल्या की आढं तिरकं जातं, किंवा एका पाख्याचे दोन होतात. तेव्हा भिंतीच्या माहितीत कोन वाचा आणि ९० लिहून टाका. प्रत्यक्ष घरच वाकडं असेल आणि तुम्ही मापं घेऊन तसंच काढलं असेल, तर अर्थात ते सरळ करायचं नाही.

चौथी तपासणी : भिंतीवर भिंत

दार बसवलं, पण पलीकडे दिसत नाही, याचा अर्थ त्या जागी दोन भिंती एकावर एक आहेत. दाराने वरची कापली, खालची तशीच राहिली. कॉपी-पेस्ट करताना किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधली कॅड फाईल आत घेऊन तिच्या रेषांवरून भिंती बनवताना हे होतं. तपासायला सोपं : संशय असलेली भिंत निवडा, डिलीट करा. जागा मोकळी झाली तर भिंत एकच होती, अनडू करा. तिथे भिंत दिसतच राहिली तर दुसरी होती, आणि ती आपसूकच निघाली. फक्त दारं-खिडक्या कुठल्या भिंतीत होत्या ते पाहून मगच पुढे जा.

पाचवी तपासणी : वरची भिंत खालच्या भिंतीवर आहे का

ती बोटभर छताची पट्टी इथून येते. वरच्या मजल्याची बाहेरची भिंत खालच्या भिंतीपेक्षा २० मिलिमीटर आत असेल, तर आपोआप छत रचणाऱ्या सॉफ्टवेअरला खालच्या मजल्याची २० मिलिमीटर जागा उघडी दिसते. उघड्या जागेवर छत हवंच, म्हणून ते इमानाने तेवढ्याच रुंदीचं छत घालतं. पट्टी पुसली तर पुढच्या वेळी परत येते. लोक ती पुन्हा पुसतात, ती पुन्हा येते.

खालचा मजला संदर्भ म्हणून वरच्या प्लॅनमध्ये वेगळ्या रंगात दाखवा आणि सगळीकडे कड मिळते का ते घराभोवती फिरून बघा. ‘खालच्या भिंतीशी जुळवा’ अशी आज्ञा असेल तर तीच वापरा, हाताने ओढण्यापेक्षा ती नेमकी असते. खाली विटेची जाड भिंत आणि वर हलकी असेल, तर कुठली कड जुळवायची हे आधी ठरवावं लागतं. बाहेरून प्लॅस्टर सलग असेल तर बाहेरची कड जुळवा.

सहावी तपासणी : उंची, आणि भिंतीने छताखाली काय करायचं

दुपाखी हवं असताना चौपाखी झालं, तर छताला हात लावू नका. आपोआप छत रचताना प्रत्येक बाहेरच्या भिंतीवर एक पाखं चढतं, हा मूळ नियम. म्हणून चार भिंतींवर चार पाखे होतात. ज्या दोन भिंती त्रिकोणी माथ्याच्या हव्यात, त्यांच्या माहितीत ‘गेबल’ निवडा. रेव्हिटमध्ये छताच्या आराखड्याच्या त्या बाजूच्या रेषेवरची उताराची खूण काढा. भिंतीचे दोन तुकडे झालेले असतील तर दोन्ही तुकड्यांना हे सांगावं लागतं. एकालाच सांगितलं की छत अर्धं दुपाखी, अर्धं चौपाखी असं विचित्र होतं.

मग उंची. सगळ्या बाहेरच्या भिंतींच्या माथ्याची उंची एकदा वाचून काढा. समजा समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एक २७०० आणि दुसरी २७५० मिलिमीटर आहे, उतार १२ मागे ६. आढं उंच भिंतीकडे ५० मिलिमीटर सरकेल. छत वाकडं दिसत नाही, पण मध्यावर बेतलेली गोल खिडकी आढ्याखाली येत नाही, आणि माणूस खिडकी सरकवत बसतो.

भिंत छतातून वर येत असेल, तर ती छतापर्यंत जाऊन थांबते की ठरलेल्या उंचीपर्यंत जाते ते बघा. रेव्हिटमध्ये भिंतीचा माथा छताला जोडण्याची आज्ञा द्यावी लागते, आणि भिंतीच्या काही भागावर छतच नसेल तर तेवढा भाग जोडला जात नाही. स्वीट होम थ्रीडीमध्ये भिंतीच्या दोन टोकांना वेगवेगळी उंची देऊन तिरका माथा करता येतो. त्रिकोण हवा असेल तर भिंत आढ्याखाली दोन तुकड्यांत काढावी लागते. स्केचअपमध्ये मात्र एकमेकांतून गेलेले पृष्ठभाग आपोआप कापले जात नाहीत. छेद घेण्याची आज्ञा देऊन मग वरचा तुकडा पुसायचा. तिथेच पृष्ठभाग भरत नसेल तर त्याच्या सगळ्या रेषा एका प्रतलात नाहीत, किंवा कुठेतरी तुटलेल्या आहेत.

सातवी तपासणी : वळचण जुळत नाही

सगळ्या भिंती नीट असूनही हा प्रश्न उरतो, कारण तो मुळात भूमितीचा आहे. एक पाखं १२ मागे ६ उताराचं, शेजारचं १२ मागे १२. दोन्ही भिंती सारख्या उंचीच्या, आणि दोन्हीकडे छत भिंतीबाहेर ६०० मिलिमीटर. पहिलं पाखं तेवढ्या अंतरात ३०० मिलिमीटर खाली येतं, दुसरं ६००. मग कोपऱ्यावर कडा जुळणार कशा? एकतर उभ्या पाख्याचा बाहेरचा भाग ३०० मिलिमीटर करा, म्हणजे तेही ३०० च खाली येईल, किंवा दोन्ही उतार सारखे ठेवा. तिसरा मार्ग म्हणजे उभ्या पाख्याखालची भिंत ३०० मिलिमीटर उंच करणं. प्रत्यक्षात बांधायलाही हेच निर्णय लागतात, म्हणून इथे सॉफ्टवेअरमधली पळवाट शोधू नका.

आठवी तपासणी : फरशीचे उरलेले प्रश्न

जिन्यावर फरशी पसरलेली असेल, तर वरच्या मजल्यावर जिन्याभोवती मिटलेली खोली करून तिला ‘खालून उघडी’ हा प्रकार द्या, किंवा फरशीला भोक पाडण्याची आज्ञा वापरा. भिंती फरशीत बुडालेल्या दिसत असतील, तर मजल्याची उंची स्लॅबच्या वरून मोजली आहे की खालून, ते तपासा. १५० मिलिमीटरचा स्लॅब असेल तर भिंत बरोबर तेवढीच बुडते. हा आकडा दिसला की कारण ओळखायचं.

लुकलुकणं म्हणजे एकाच पातळीवर दोन पृष्ठभाग. पुढचा कुठला हे ग्राफिक्स कार्डाला ठरवता येत नाही, म्हणून कॅमेरा हलला की कधी हा, कधी तो. एक तात्पुरता ५ मिलिमीटर उचला. लुकलुकणं थांबलं तर निदान पक्कं. मग नको असलेला पुसा, उचललेलाच ठेवून देऊ नका.

नववी तपासणी : फाईल आणि संगणक

सगळंच मॉडेल थरथरत असेल, तर घर आरंभबिंदूपासून, म्हणजे जिथून सगळी मापं शून्यापासून मोजली जातात तिथून, किती दूर आहे ते बघा. सर्वेक्षणाची फाईल आत घेतली की घर तिच्या सहनिर्देशकांवर, म्हणजे शेकडो किलोमीटर दूर जाऊन बसतं. चित्र काढताना आकडे साधारण ७ अंकांपर्यंतच अचूक धरले जातात. ५०० किलोमीटर म्हणजे ५० कोटी मिलिमीटर, आणि तिथे एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत ३२ मिलिमीटरची उडी असते. भिंती थरथरणारच. घर उचलून आरंभबिंदूजवळ आणा.

त्यानेही भागलं नाही तर ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर सॉफ्टवेअर ताकदवान चिपवर चालतंय याची खात्री करा. शेवटी नवी कोरी फाईल उघडून फक्त भिंती तिच्यात कॉपी करा आणि छत नव्याने रचा. नव्या फाईलमध्ये सगळं नीट आलं तर जुनी फाईल आतून बिघडलेली होती, ती सोडून द्या. बिघाड तिथेही आला तर तो तुमच्या भिंतींतच आहे, तिसऱ्या तपासणीपाशी परत जा.

कुठे थांबायचं

साध्या चार भिंती आणि एक छत एवढंच कोऱ्या फाईलमध्ये काढूनही तोच बिघाड दिसला, तर तो सॉफ्टवेअरचा आहे. त्यांच्या मदत विभागाला ती चार भिंतींची फाईल आणि मूळ, दुरुस्ती न केलेली प्रत, दोन्ही पाठवा. फाईल उघडतानाच सॉफ्टवेअर बंद पडत असेल तर वारंवार उघडून बघू नका. आपोआप साठवलेल्या जुन्या प्रती आधी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, कारण नव्या प्रती जुन्यांच्या जागी लिहिल्या जातात.

अनेक पाखे, छतातून वर आलेल्या खिडक्या आणि वेगवेगळ्या उंचीच्या भिंती असलेलं छत दोन दिवसांत जमलं नाही, तर ते एखाद्या अनुभवी ड्राफ्ट्समनकडून काढून घ्या. तुमचा वेळ खोल्यांच्या रचनेत जास्त उपयोगी पडेल.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे मी स्वतःही थांबतो. सॉफ्टवेअरमध्ये भिंत पुसली तर वरचा स्लॅब तसाच तरंगत राहतो. दोन भिंतींमधल्या पाच मीटर अंतरावर मध्ये आधार न देता छत टाकलं तरी कुठलाही इशारा येत नाही, कारण ही सॉफ्टवेअर आकार दाखवतात, भार मोजत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष घरातली भिंत काढायची असेल, तिच्यात मोठं दार पाडायचं असेल, मजला वाढवायचा असेल, तुळईचं माप किंवा छताचा सांगाडा ठरवायचा असेल, तर फाईल बाजूला ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. त्याने दिलेली मापं मिळाली की मग मॉडेल त्यानुसार बदला, आणि पुन्हा कोपऱ्यांपासून तपासत वर या.